छोट्या गाडीतलं हँडल कोणी काढलं? काटकसर आणि काटा मारणं यातला फरक

मागच्या महिन्यात मेहुण्याने नवी गाडी घेतली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवून झाली, पेढे वाटून झाले. मग आईला देवदर्शनाला न्यायचं म्हणून मागच्या सीटवर बसवलं. आईला मानेचा त्रास आहे. गाडीत बसताना दारावरचं छताजवळचं हँडल धरायची तिची जुनी सवय. तिने हात वर नेला, चाचपला, आणि म्हणाली, "अरे, इथलं हँडल कुठे गेलं?"

हँडल नव्हतंच.

मेहुण्याची आधीची गाडीही याच कंपनीची, याच नावाची. नऊ वर्षं वापरली. तिला हँडल होतं. शोरूममधल्या पोराला फोन लावला तर तो म्हणाला, "सर, नवीन मॉडेलमध्ये क्लीन लूक दिलाय." म्हणजे हँडल काढलं आणि त्याला नाव दिलं क्लीन लूक!

मग आम्ही दोघांनी बसून यादीच केली. मागच्या सीटचं हेडरेस्ट आधी वर-खाली व्हायचं, आता सीटलाच जोडून आलंय. डिकीतला दिवा गेला. बॉनेटच्या आतलं काळं अस्तर गेलं. मागच्या काचांची बटणं दोन्ही दारांवर होती, ती आता पुढच्या दोन सीटच्या मधे, हँडब्रेकजवळ आली. आणि या सगळ्याच्या बदल्यात समोर एक भली मोठी स्क्रीन. किंमत अर्थातच वाढलेली.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. कारण हा एका कंपनीचा प्रश्न नाही. तुमच्या गाडीत बसून बघा, अशीच यादी निघेल.

मेहुणा चिडून म्हणाला, "सरळसरळ कॉस्ट कटिंग आहे, लुटतात साले." मला आधी तसंच वाटलं. पण मी पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेला माणूस. आमच्याकडे घरटी एक माणूस गाड्यांच्या धंद्यात. म्हणून जरा इतिहास उकरला. आणि लक्षात आलं की आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत, आणि ते दोन अगदी वेगळे आहेत. एक काटकसर. दुसरं काटा मारणं. आईने जुन्या साडीची गोधडी शिवली तर ती काटकसर. दुकानदाराने किलोच्या पैशात नऊशे ग्रॅम दिले तर तो काटा मारणं. पैसे दोघांनी वाचवले. पण पहिल्यात घराचे वाचले, दुसऱ्यात आपले गेले.

छोट्या गाडीचा इतिहास या दोन शब्दांमध्येच हेलकावे खात आलेला आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करू. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली, तेव्हा किंमत सुमारे ८५० डॉलर. १९२५ पर्यंत तिचं सगळ्यात स्वस्त मॉडेल ३०० डॉलरच्या खाली आलं. हे झालं कसं? असेंब्ली लाइन हे उत्तर आपण शाळेत शिकलो. पण गाडीच्या आत डोकावलं तर आणखी गमती दिसतात. अमेरिकेत बनलेल्या टूरिंग मॉडेलला बरीच वर्षं ड्रायव्हरच्या बाजूला उघडणारं दारच नव्हतं! पत्र्यावर दाराचा नुसता आकार ठोकलेला. ड्रायव्हरने पलीकडच्या बाजूने चढायचं आणि सरकत यायचं. बिजागरी, कडी, सगळ्याचा खर्च वाचला. आज कोणी असं केलं तर आपण मोर्चा काढू. पण लोकांनी तक्रार केली नाही, कारण वाचलेला पैसा किमतीत दिसत होता. गाडी हळूहळू स्वस्त होत होती. ही काटकसर.

फ्रान्समध्ये १९४८ साली सिट्रोएनने टू-सीव्ही दाखवली. शेतकऱ्याची गाडी. सीट म्हणजे लोखंडी नळ्यांवर ताणलेलं कापड, आपल्या आरामखुर्चीसारखं, हवं तर उचलून बाहेर काढून झाडाखाली बसा. वायपरला वेगळी मोटर नाही, स्पीडोमीटरच्या केबलवरच तो चालायचा. गाडी हळू चालली की वायपर हळू!

इंग्लंडमध्ये १९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनी बनवली. काचा खाली उतरत नव्हत्या, सरकत होत्या. त्यामुळे दारातली काच उतरवायची यंत्रणा वाचली, आणि दार पोकळ राहिल्यामुळे तिथे मोठा कप्पा मिळाला. दार उघडायला आतून हँडल नाही, एक दोरी ओढायची. स्पीडोमीटर मधोमध, म्हणजे स्टीयरिंग डावीकडे असो की उजवीकडे, डॅशबोर्ड फारसा बदलायला नको. गंमत म्हणजे, फोर्डच्या इंजिनिअर लोकांनी एक मिनी विकत घेऊन स्क्रू-स्क्रू सुटी केली आणि हिशोब काढला की प्रत्येक गाडीमागे बनवणाऱ्याचाच तोटा होत असणार, ही कहाणी मोटार उद्योगात आजही सांगितली जाते. गाडी इतकी काटकसरीची, आणि तरी कंपनीच्या हाती फार काही लागलं नाही.

या तिन्ही गाड्यांत एक गोष्ट समान आहे. जे काढलं ते उघड्यावर काढलं. गिऱ्हाइकाला पहिल्या मिनिटाला दिसत होतं की इथे दार नाही, इथे दोरी आहे. बघून, किंमत ऐकून त्याने ठरवलं.

आता आपल्याकडे या. आपल्या छोट्या गाडीचा इतिहास कुर्ल्यापासून सुरू होतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिथूनच पुढे फियाट ११०० आणि मग प्रीमियर पद्मिनी आली. ज्यांनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी पाहिली त्यांना आतलं चित्र आठवत असेल. पुढची अखंड लांब सीट, गिअरची दांडी स्टीयरिंगखाली. ड्रायव्हरशेजारी अजून दोघं बसायचे.

त्या काळी स्पर्धा नव्हती. परमिट राजमध्ये गाडी मिळणं हेच भाग्य, वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. मग दर्जाचं काय झालं असेल? १९६७ साली सरकारला चक्क मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली! पुढे १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतीच ठरवून दिल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अँबॅसेडर, फियाट, स्टँडर्ड हेराल्ड या गाड्यांची रास्त किंमत किती, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात खल झाला. म्हणजे "गाडीत काय दिलं आणि पैसे किती घेतले" हा वाद आजचा नाही, पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी तो कोर्टात लढला गेलाय.

त्यातून शिकायचं ते हे: किंमत वरून दाबली आणि गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नसला, तर काटा मारायला कोणालाही फार लाज वाटत नाही. लोकांनीही त्यावर तोड काढली होती. गाडी घ्यायची आणि मग अर्धी गाडी बाहेर बनवून घ्यायची. पुण्यात नाना पेठ त्यासाठीच. सीट कव्हर, मॅटिंग, स्पीकर, आरसा, सगळं तिथे. डाव्या बाजूचा आरसा ही कित्येक वर्षं आपल्याकडे चैनीची वस्तू होती, लक्षात आहे ना?

मग १४ डिसेंबर १९८३ आला. इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. किंमत पन्नास हजाराच्या आतबाहेर. आत बसल्यावर लोकांना वाटलं की विमानात बसलो. पुढे दोन स्वतंत्र सीट, गिअर खाली, दार हलक्या हाताने लागतंय. पण स्वस्त मॉडेलला डावा आरसा नाही, एसी नाही, रेडिओ नाही. तरी लोकांनी रांगा लावल्या, कारण जे होतं ते चालत होतं. या गाडीने एक नवी सवय लावली: एकाच गाडीची दोन-तीन रूपं, साधं आणि डिलक्स. इथून पुढे बटण नसलेली जागा प्लास्टिकच्या टोपणाने झाकायची पद्धत आपल्या ओळखीची झाली. ते टोपण दररोज सांगत राहतं, "इथे काहीतरी येऊ शकलं असतं, तू पैसे दिले नाहीस."

आणि मग आमची पुण्याची नॅनो. हिच्याबद्दल बोलताना मला हळवं व्हायला होतं, खरं सांगतो. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत रतन टाटांनी ती दाखवली, २३ मार्च २००९ ला मुंबईत ती बाजारात आली. पावसात स्कूटरवर भिजत चाललेलं चौघांचं कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असं ते सांगत. गाडी घडली ती इथे, पुण्यात. गिरीश वाघ यांच्या टीमने ती उभी केली.

लाखाची गाडी बनवायला काय काय काढलं ते बघा. वायपर दोनाऐवजी एक. चाकाला नट चाराऐवजी तीन. बाहेरचा आरसा फक्त ड्रायव्हरच्या बाजूला. डिकी बाहेरून उघडायची सोयच नाही, सामान आतून मागच्या सीटवरून टाकायचं. पेट्रोल भरायचं तर पुढचं बॉनेट उघडा. मीटर मधोमध, मिनीसारखंच. सुरुवातीला हातमोजे ठेवायचा बंद कप्पाही नाही, फक्त उघडा खण. साध्या मॉडेलला एसी नाही, रेडिओ नाही, पॉवर स्टीयरिंग तर नाहीच.

हा काटा मारणं होता का? माझ्या मते अजिबात नाही. प्रत्येक गोष्ट उघड सांगितली होती आणि वाचलेला पैसा सरळ किमतीत उतरला होता. जगाच्या मोटार इतिहासात इतकी प्रामाणिक काटकसर फार कमी वेळा झाली असेल. तरी गाडी चालली नाही. सिंगूरमधून साणंदला जाण्यात वेळ गेला, हे खरं. पण दुसरं कारण आपल्या सगळ्यांच्या मनात होतं. "सगळ्यात स्वस्त गाडी" हा शिक्का घेऊन लग्नाच्या मांडवापुढे गाडी लावायला कोणाला आवडतं? पुढे खुद्द रतन टाटांनीही म्हटलं की स्वस्त म्हणून तिची ओळख व्हायला नको होती. कंपनीने नंतर एकेक वस्तू परत दिली. बंद कप्पे आले, पॉवर स्टीयरिंग आलं, २०१५ मध्ये उघडणारी डिकीही आली. उशीर झाला होता. जून २०१८ मध्ये महिन्याभरात फक्त एक नॅनो बनली. एक!

नॅनोच्या या अनुभवातून सगळ्या उद्योगाने धडा घेतला, आणि माझ्या मते तो चुकीचा धडा घेतला. धडा असा: काढायचं असेल तर काढा, पण दिसू देऊ नका.

इथे थोडा हिशोब समजून घेऊ. छताचं एक हँडल, त्याचे स्क्रू, टोपणं, बसवायचा वेळ, सगळं मिळून समजा पन्नास रुपये धरले. तुम्हाला वाटेल, पन्नास रुपयांसाठी कोणी एवढं करतं का? पण वर्षाला दोन लाख गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी ते एक कोटी रुपये झाले. अशा दहा-बारा गोष्टी काढल्या की आकडा बघा. काचांची बटणं मधे आणली की दारातली वायरिंग आणि दोन स्विच वाचतात. हेडरेस्ट सीटला जोडून टाकलं की दांड्या, खाचा, लॉक सगळं वाचतं. आणि ती मोठी स्क्रीन? ती चैन वाटते, पण एसीची, रेडिओची बटणं, त्या प्रत्येकाचे साचे, वायरी, सगळं एका स्क्रीनमध्ये जातं. म्हणजे जी वस्तू आपल्याला "प्रीमियम" म्हणून विकली जाते, तिच्यातही बचत लपलेली असते. गाडी चालवताना नजर रस्त्यावर ठेवून चाचपून लावता येणारं बटण गेलं, ही किंमत आपण मोजतो. युरोपात याची आता दखल घेतली गेलीय. तिथल्या युरो एनकॅप या चाचणी संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं.

या विद्येला इंजिनिअर लोक व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स यांनी ती बांधली. मूळ प्रश्न चांगला होता: ही वस्तू नेमकं कुठलं काम करते, आणि तेच काम कमी खर्चात होईल का? लक्षात घ्या, "तेच काम" हे शब्द महत्त्वाचे आहेत. काम तेच राहिलं तर काटकसर. कामच काढून टाकलं आणि किंमत तशीच ठेवली, तर तो काटा.

यात आपल्या गावचाही एक कोपरा आहे. भोसरी, चाकण, तळवड्याच्या शेडमध्ये जे लोक हे सुटे भाग बनवतात त्यांना विचारा. मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून दरवर्षी दर कमी करून मागतात, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. पोलाद महागो, वीज महागो. मग तो शेडवाला कुठे वाचवणार? कायम कामगाराच्या जागी कंत्राटी पोरगा घेणार. तेव्हा हँडल नुसतं गाडीतून गेलेलं नसतं, ते कोणाच्या तरी पगारातूनही गेलेलं असतं.

आणि दरवेळी कंपनीच दोषी असते असंही नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के केलं. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत. लगेच गाड्या चार मीटरमध्ये बसवायची धडपड सुरू झाली. स्विफ्ट डिझायर आधी ४१६० मिलिमीटर होती, २०१२ ची नवी आली ती ३९९५ मिलिमीटर. डिकी कापली! तुमची बॅग आज डिकीत मावत नसेल तर त्यात दिल्लीतल्या एका कलमाचाही हात आहे.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. इतका वेळ आपण दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बोललो. न दिसणाऱ्यांचं काय?

३१ जानेवारी २०१४. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून निकाल जाहीर केला. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही मॉडेल्सना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी मिळाले शून्य तारे. सगळ्यांना शून्य. त्यातल्या तिघींचा तर सांगाडाच असा होता की एअरबॅग बसवूनही फार उपयोग झाला नसता.

पोलोची गोष्ट नीट ऐका, कारण ती गाडी आपल्या चाकणला बनत होती. तिचा सांगाडा भक्कम होता. एअरबॅग नसताना शून्य तारे, एअरबॅग असलेल्या तिच पोलोला चार तारे. तोच कारखाना, तेच कामगार, तोच पत्रा. फरक फक्त वगळलेल्या एअरबॅगचा. निकालानंतर कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो भारतात विकणं बंद केलं.

तोवर आपल्यातल्या कितीजणांनी शोरूममध्ये सांगाड्याबद्दल विचारलं होतं? मी नव्हतं विचारलं. मी मायलेज विचारलं, म्युझिक सिस्टीम विचारली, मॅट फुकट मिळतील का विचारलं. कंपनीला माहीत होतं की गिऱ्हाईक डोळ्याला दिसेल त्याचे पैसे देतं. मग तिने दिसणारं सजवलं आणि न दिसणारं वाचवलं. खरा काटा तिथे मारला गेला, आणि हे म्हणताना आपलाही हात त्या तराजूवर होता हे मान्य करायला हवं.

मग बदललं कशाने? थोडं चाचण्यांनी, बरंचसं कायद्याने. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत ड्रायव्हरसाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. मग पुढे शेजारच्या सीटलाही एअरबॅग आली. सहा एअरबॅगची सक्ती करायचा मसुदा २०२२ च्या जानेवारीत निघाला. नितीन गडकरींनी संसदेत एका एअरबॅगची किंमत आठशे रुपये सांगितली. कंपन्यांचं म्हणणं होतं की सेन्सर आणि बॉडीतले बदल धरले तर खर्च कितीतरी जास्त. सक्ती आधी पुढे ढकलली गेली, नंतर सोडूनच दिली. पण तोवर चाचणीचे तारे जाहिरातीत झळकायला लागले होते. २०१८ च्या डिसेंबरमध्ये रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले होते, २०२३ मध्ये आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी आली. आणि २०२५ मध्ये मारुतीने अल्टो के-टेन, सेलेरिओ, वॅगन-आरसारख्या छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना देऊन टाकल्या.

आता परत आईच्या हँडलकडे.

मागच्या रविवारी मी आणि मेहुणा गाडी घेऊन एका ओळखीच्या अ‍ॅक्सेसरीजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "दादा, दहा मिनिटांचं काम आहे. दोन भोकं पाडतो, हँडल ठोकून देतो." ड्रिल हातात घेतलं सुद्धा. तेवढ्यात मला त्या खांबावर कोरलेलं एक छोटं अक्षर दिसलं: एअरबॅग. गाडीला सहा एअरबॅग आहेत. त्यातली पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग छताच्या कडेला, दारांच्या वरच घडी करून ठेवलेली असते. जिथे तो भोक पाडणार होता, तिथेच. मी त्याचा हात धरला.

(तुम्हीही लक्षात ठेवा, नव्या गाडीच्या छताच्या कडेला किंवा खांबांना बाहेर कुठेही ड्रिल मारू देऊ नका.)

घरी येताना मेहुणा गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आधीच्या गाडीत आईला हँडल होतं आणि डोक्याजवळ एअरबॅग नव्हती. आता एअरबॅग आहे आणि हँडल नाही. मग आपण फायद्यात की तोट्यात?"

माझं उत्तर असं. सांगाडा आणि एअरबॅग बघता आपण फायद्यात आहोत, आणि तो फायदा आपल्याला कोणी प्रेमाने दिलेला नाही, चाचण्यांनी आणि कायद्याच्या दडपणाने मिळालाय. पण तो खर्च भरून काढायला ज्या वस्तू गुपचूप काढल्या, त्यांचं काय? डिकीतला दिवा गेला, जाऊ दे, मोबाईलचा टॉर्च आहे. बॉनेटचं अस्तर गेलं, थोडा आवाज जास्त येईल. ही काटकसर म्हणून मी पचवीन. पण मागचं हेडरेस्ट ही सजावट नाही. मागून धडक बसली तर मान वाचवायला ते असतं, आणि ते डोक्याच्या उंचीला आलं नाही तर त्याचा उपयोग कमी होतो. उंच माणसाला ते मानेच्या खालीच राहतं. म्हाताऱ्या माणसाला चढायला-उतरायला हँडल लागतं, ती चैन नाही. आणि त्याच गाडीच्या महागड्या मॉडेलमध्ये हँडलही आहे आणि हेडरेस्टही वर-खाली होतं. तेव्हा एअरबॅगमुळे हँडल बसत नाही, हेही कारण खोटं. म्हाताऱ्या आईसाठी वरचं मॉडेल घ्या, असं सांगणं म्हणजे किलोला नऊशे ग्रॅम देऊन पूर्ण किलोसाठी वेगळे पैसे मागणं.

मला कंपनीकडून एकच गोष्ट हवी आहे. नवीन मॉडेल आलं की त्यात काय वाढवलं याची पानभर जाहिरात करता ना? मग काय काढलं याचीही चार ओळींची यादी द्या. औषधाच्या पाकिटावर छापता, बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापता, मग दहा लाखांच्या वस्तूवर का नाही? वजन छापलं की गिऱ्हाईक स्वतः ठरवेल. ही मागणी ग्राहक संघटनांनी उचलावी असं मला मनापासून वाटतं.

तोवर आपण आपलं करू. शोरूममध्ये गेलात की स्क्रीनला हात लावण्याआधी मागच्या सीटवर जाऊन बसा. घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत न्या. हेडरेस्ट डोक्यापर्यंत येतं का बघा. मधल्या माणसाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता पोटावरचा, ते बघा. चाचणीत किती तारे मिळाले, आणि ते नेमक्या याच मॉडेलला मिळाले का, हे विचारा. जुनं मॉडेल कोणाकडे असेल तर दोन्ही शेजारी उभी करून यादी करा, आमच्यासारखी.

मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला गेला. तिच्यात एअरबॅग नव्हती, एबीएस नव्हतं, आजच्या चाचणीत तिचं काय झालं असतं याचा विचारही नको. त्या गाडीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांपैकी मीही एक आहे, पण आईला मी तिच्यात बसवणार नाही. जुनं सगळं चांगलं होतं असं म्हणण्यासाठी हे लिहिलेलं नाही. फक्त तराजू कोणाच्या हातात आहे तेवढं बघत राहा.

आईने तोवर तिचा मार्ग काढलाय. पुढच्या सीटच्या पाठीला धरून बसते. म्हणते, "हँडल नाही तर नाही, तू हळू चालव म्हणजे झालं."

तुमच्या गाडीतून काय गायब झालंय? कंपनीचं नाव न घेता, वस्तूचं नाव आणि गाडीचं साल खाली लिहा. यादी मोठी झाली तर पुढच्या पोस्टमध्ये ती एकत्र करून मांडतो.